पोस्टफिक्स: नसलेल्या पत्त्यावरच्या मेलचं काय करायचं?

हापूसचा हंगाम सुरू झाला की देवगड-रत्नागिरीच्या आंबा बागायतदारांच्या मेलबॉक्सला भरती येते आणि त्याच दिवसांत पत्ते चुकायला लागतात. पत्त्यात 'अल्फान्सो' आहे, पण ते 'पीएच'ने लिहायचं की 'एफ'ने, हे ठाण्याच्या गिऱ्हाइकाला कुठून ठाऊक? 'बुकिंग'मधला एक 'ओ' कोणी गाळतो, कोणी शेवटी 'एस' चिकटवतो. गुहागर, गणपतीपुळे, तारकर्लीच्या होमस्टेंचीही हीच गत. मग फोन येतो: "दादा, चार दिवस झाले मेल टाकून, उत्तरच नाही तुमचं."

ज्यांचं स्वतःचं डोमेन आणि स्वतःचा मेल सर्व्हर आहे, त्यांना अशा पत्त्यांचं काय करायचं हे एकदा बसून ठरवावं लागतं. हे परीक्षण पोस्टफिक्सचं, म्हणजे मेल घेणाऱ्या आणि पोचवणाऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरचं आहे, तेही एवढ्याच कामापुरतं. निकाल आधीच सांगून टाकू. सॉफ्टवेअर पक्कं आहे. अनोळखी पत्ता दारातूनच परत करायचा हा त्याचा मूळ स्वभावही बरोबर आहे. तो स्वभाव बदलायच्या सोयी मात्र आडाळीसारख्या (विळीसारख्या) आहेत, हात कुठे ठेवायचा ते कळलं तरच कामाच्या. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण का कापला ते पुढे येईलच.

पोस्टफिक्स वीत्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात लिहिलं आणि ते डिसेंबर 1998मध्ये पहिल्यांदा बाहेर आलं. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, उबुंटू-डेबियनपासून रेड हॅटपर्यंत सगळीकडे एका कमांडने बसतं. सेटिंग्ज मुख्यतः मेन.सीएफ या एका फाइलीत. खाली त्या सेटिंग्जची नावं देवनागरीत दिली आहेत, फाइलमध्ये अर्थातच रोमनमध्ये आणि मध्ये अंडरस्कोर टाकून लिहायची.

बसवल्या बसवल्या काहीही न बदलता पोस्टफिक्स काय करतं, ते आधी. बाहेरचा सर्व्हर येऊन म्हणतो, अमक्या पत्त्यासाठी मेल आणलाय. पोस्टफिक्स आपली यादी बघतं, नाव नसेल तर तिथेच 550 हा आकडा सांगून मोकळं होतं. मेल आत घेतलेलाच नसतो, त्यामुळे तो परत पाठवायची जबाबदारीही आपल्यावर येत नाही. पाठवणाऱ्याचाच सर्व्हर त्याला कळवतो की असा पत्ता नाही. हे साधारण मिनिटाभरात होतं. गिऱ्हाईक पत्ता नीट बघतं, पुन्हा पाठवतं किंवा थेट फोन उचलतं. बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या फाटकापाशी आलेल्या माणसाला "हे घर नव्हे, पलीकडचं" असं तिथल्या तिथे सांगितलं तर त्याची पायपीट वाचते. त्याला पडवीत बसवून ठेवलं आणि कोणी फिरकलंच नाही, तर तो चार दिवसांनी फोन करतो. सगळे चुकीचे पत्ते एकाच मेलबॉक्समध्ये ओतणाऱ्या 'कॅच-ऑल'चं नेमकं हेच होतं. मेल हरवत नाही, पण शेकडो स्पॅमच्या खाली दबतो, आणि पाठवणाऱ्याला वाटतं की पोचला.

आता यादी कुठली बघितली जाते हा महत्त्वाचा मुद्दा. गोंधळ बहुतेक इथूनच सुरू होतात. पोस्टफिक्स ज्याचा मेल आत घेतं ते प्रत्येक डोमेन चारपैकी एका वर्गात मोडतं. लिनक्सच्या खात्यांवर मेल उतरत असेल तर डोमेन 'मायडेस्टिनेशन'मध्ये. डोमेनला स्वतःचे मेलबॉक्स नाहीत, फक्त दुसरीकडे वळवायचं आहे, तर 'व्हर्च्युअल_एलियस_डोमेन्स'मध्ये. लिनक्सच्या खात्यांशी संबंध नसलेले मेलबॉक्स असतील तर 'व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स'. आणि मेल दुसऱ्या सर्व्हरकडे पुढे सरकवायचा असेल तर 'रिले_डोमेन्स'. एक डोमेन एकाच यादीत ठेवायचं. दोन्हीकडे टाकलं तर पोस्टफिक्स लॉगमध्ये नाव घेऊन इशारा देतं, पण चालू राहतं, आणि मग वागणूक कोणत्या यादीप्रमाणे होतेय हे शोधण्यात दुपार जाते.

आपलं डोमेन कोणत्या वर्गात पडलंय हे ओळखायची सोपी खूण नकाराच्या वाक्यातच असते. '550 5.1.1, युझर अननोन इन' या शब्दांनंतर 'लोकल रिसिपिएंट टेबल' असेल तर मायडेस्टिनेशन. 'व्हर्च्युअल एलियस टेबल', 'व्हर्च्युअल मेलबॉक्स टेबल' किंवा 'रिले रिसिपिएंट टेबल' असेल तर बाकीचे तीन, त्याच क्रमाने. नकाराच्या वाक्यातच निदान हाती देणारं सॉफ्टवेअर विरळा. हे वाक्य न वाचता मेन.सीएफमध्ये सेटिंग्ज बदलत बसणारे मात्र बरेच दिसतात.

पहिली सोय, 'लूझर_रिले'. स्पेलिंग एल-यू-एस-ई-आर, 'युझर' आणि 'लूझर' यांची ही जुन्या युनिक्सवाल्यांची कोटी आहे, सेंडमेलमध्येही याच नावाची सोय होती. मायडेस्टिनेशनमधल्या डोमेनवर जे नाव एलियस फाइलीत (पर्यायी नावांच्या यादीत) नाही आणि लिनक्सच्या खात्यांतही नाही, त्याचा मेल इथे दिलेल्या पत्त्यावर जातो. मेन.सीएफमध्ये एक ओळ:

लूझर_रिले = ऑफिस+$लोकल

यातला '$लोकल' म्हणजे मूळ पत्त्यातला ॲटच्या आधीचा भाग. म्हणजे 'बुकींग'ला आलेला मेल 'ऑफिस+बुकींग' या पत्त्याने ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये पडतो आणि हेडरमध्ये दिसतं की मूळ पत्ता काय चुकवला होता. यासाठी 'रिसिपिएंट_डिलिमिटर = +' ही ओळही हवी, ती विसरली तर 'ऑफिस+बुकींग' हे पोस्टफिक्सच्या दृष्टीने आणखी एक अनोळखी नाव ठरतं. दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवायचं असेल तर उजवीकडे '$युझर' आणि ॲटपुढे त्या सर्व्हरचं नाव.

ओळ लिहिली, 'पोस्टफिक्स रीलोड' केलं, आणि बाहेरून मेल पाठवून पाहिला तर तोच 550! इथे बहुतेकांची गाडी अडते. कारण असं की लूझर_रिले हे 'लोकल' नावाच्या डिलिव्हरी प्रोग्रॅमचं सेटिंग आहे, तर दारावर उभा असतो वेगळा प्रोग्रॅम, एसएमटीपीडी. तो 'लोकल_रिसिपिएंट_मॅप्स'ची यादी बघतो. तिच्यात मूळ सेटिंगप्रमाणे लिनक्सची खाती आणि एलियस एवढेच असतात. मेल आतच येत नाही, मग लूझर_रिलेपर्यंत पोचणार कसा? त्यासाठी

लोकल_रिसिपिएंट_मॅप्स =

अशी बरोबरच्या चिन्हापुढे काहीही न लिहिता ओळ टाकावी लागते. ओळ काढून टाकणं आणि रिकामी ठेवणं यात फरक आहे: काढली तर मूळ यादी परत लागू होते, रिकामी ठेवली तर तपासणीच बंद. आणि तपासणी बंद म्हणजे मायडेस्टिनेशनमधल्या सगळ्या डोमेनांसाठी बंद. लूझर_रिले डोमेनवार वेगळं देता येत नाही. फार तर उजवीकडे '$डोमेन' वापरून वाट फोडता येते. एकाच सर्व्हरवर काजूच्या कारखान्याचं, होमस्टेचं आणि पतसंस्थेचं अशी तीन डोमेनं मायडेस्टिनेशनमध्ये असतील तर होमस्टेसाठी केलेली सोय पतसंस्थेचंही दार सताड उघडं टाकते. अर्धा गुण कापला तो याचसाठी. मॅन्युअलमध्ये ही अट स्पष्ट लिहिलेली आहे, पण दोन सेटिंग्जच्या नावांवरून त्यांचं नातं कोणाच्याही लक्षात येणार नाही, आणि ती एकमेकांशी विसंगत असली तरी रीलोड करताना एकही इशारा येत नाही.

चाचणीबद्दल इथेच सांगितलेलं बरं. सर्व्हरवर बसून मेल कमांडने चाचणी घेतली तर मेल दारातून जातच नाही, मागच्या परसातून आत शिरतो. तो पोचला म्हणून बाहेरचा पोचेल असं नाही. बाहेरच्या मशीनवरून स्वॅक्स या मेल तपासायच्या कमांडने किंवा पोर्ट 25ला (सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या दाराला) टेलनेट लावून 'आरसीपीटी टू'पर्यंत, म्हणजे मेल कोणासाठी ते सांगेपर्यंत जायचं आणि 250 (होकार) येतं की 550 ते बघायचं. नव्या सेटिंगची भीती वाटत असेल तर आधी 'सॉफ्ट_बाऊन्स = येस' लावावं. त्याने 550चं 450 होतं, म्हणजे कायमचा नकार न मिळता "नंतर या" एवढंच उत्तर जातं आणि पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत राहतो. चूक सापडली तर मेल गेलेला नसतो. काम झाल्यावर ते काढायचं लक्षात ठेवा, नाहीतर खरोखर चुकलेल्या पत्त्याच्या माणसाला पाच दिवस काही कळणारच नाही.

दुसरी सोय, व्हर्च्युअल एलियसमधला कॅच-ऑल. व्हर्च्युअल नावाच्या तक्त्यात डावीकडे नुसतं ॲट आणि डोमेन, उजवीकडे कुठे पाठवायचं तो पत्ता:

@उदाहरण.इन   ऑफिस@उदाहरण.इन

डोमेनला स्वतःचे मेलबॉक्स नसतील तर एवढं पुरतं. पण डोमेन व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्समध्ये असेल, त्यावर 'मालक', 'हिशेब', 'ऑफिस' असे खरेखुरे मेलबॉक्स चालू असतील, तर ही ओळ टाकल्याक्षणी मालकाचा मेल बंद होतो. सगळा ऑफिसला जायला लागतो. लॉगमध्ये एकही चूक दिसत नाही, कारण पोस्टफिक्सच्या हिशेबी चूक झालेलीच नाही.

असं का होतं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. मेल मेलबॉक्सपर्यंत पोचायच्या आधी क्लीनअप हा प्रोग्रॅम व्हर्च्युअल एलियसचा तक्ता बघतो. आधी पूर्ण पत्ता शोधतो, 'मालक@उदाहरण.इन'. तक्त्यात तो नाही, कारण त्याला मेलबॉक्स आहे, एलियस नाही. मग नुसतं '@उदाहरण.इन' शोधतो. ते सापडतं. झालं, पत्ता बदलला. मेलबॉक्सची यादी बघायची पाळी त्यानंतरची, आणि तोवर 'मालक' उरलेलाच नसतो. उपाय म्हणजे प्रत्येक खऱ्या पत्त्याला तो स्वतःच आहे असं तक्त्यात लिहून द्यायचं:

मालक@उदाहरण.इन   मालक@उदाहरण.इन
हिशेब@उदाहरण.इन   हिशेब@उदाहरण.इन
@उदाहरण.इन   ऑफिस@उदाहरण.इन

हॅश प्रकारच्या (नेहमीच्या, पत्ता थेट शोधणाऱ्या) तक्त्यात ओळींचा क्रम कसाही चालतो, पूर्ण पत्ता नेहमी आधीच शोधला जातो. रेगेक्स (नमुन्याशी जुळवणाऱ्या) तक्त्यात मात्र वरून खाली पहिली जुळणारी ओळ जिंकते. पोस्टफिक्स ॲडमिन वापरणाऱ्यांना हा त्रास कधी जाणवत नाही, कारण ते पॅनेल प्रत्येक मेलबॉक्सबरोबर अशी ओळ आपसूक टाकतं. हाताने तक्ते लिहिणाऱ्यांनी नवा मेलबॉक्स काढला की ही ओळ टाकायची सवय लावायला हवी. न टाकल्यास नव्या माणसाचा मेल निमूटपणे ऑफिसात साठत राहतो. पोस्टफिक्सचा स्वतःचा व्हर्च्युअल डिलिव्हरी प्रोग्रॅम वापरत असाल तर कॅच-ऑल एलियसमध्ये न लिहिता 'व्हर्च्युअल_मेलबॉक्स_मॅप्स'मध्ये लिहिणं जास्त निर्धोक. तिथे खरे पत्ते आणि कॅच-ऑल एकाच तक्त्यात असल्याने खरा पत्ता आधी सापडतो.

तक्ता बदलला की त्याची पोस्टफिक्सला वाचता येणारी प्रत बनवणारं 'पोस्टमॅप' चालवायचं, मेन.सीएफ बदललं की रीलोड. नुसता तक्ता बदलल्यावर रीलोडची गरज नाही. काही नव्या लिनक्समध्ये बर्कली डीबी काढून टाकल्याने 'हॅश' हा प्रकारच मिळत नाही, तिथे 'एलएमडीबी' लिहावं लागतं. 'पोस्टकॉन्फ -एम' दिल्यावर आपल्याकडे कोणते प्रकार आहेत ते कळतं. आणि एक फसवी जागा: 'पोस्टमॅप -क्यू' देऊन चुकीचा पत्ता विचारला तर उत्तर कोरं येतं, मग वाटतं कॅच-ऑल लागलाच नाही. ती कमांड दिलेला शब्द जसाच्या तसा शोधते, '@उदाहरण.इन'कडे वळत नाही. खरी वाट बघायची तर 'सेंडमेल -बीव्ही' आणि पत्ता. मेल न पोचवता पत्ता शेवटी कुठे गेला असता याचा अहवाल आपल्या मेलबॉक्समध्ये येतो.

आता कॅच-ऑलची किंमत. स्पॅमवाले नावांची यादी घेऊन येतात: ॲडमिन, इन्फो, सेल्स, राहुल, प्रिया, एकामागून एक. कॅच-ऑल नसेल तर पोस्टफिक्सचा एक सुरेख बंदोबस्त कामाला येतो. एकाच जोडणीत 10 चुका झाल्या की ते प्रत्येक उत्तराआधी एक सेकंद थांबू लागतं आणि 20 झाल्या की फोन ठेवून देतं. हे मूळ सेटिंगच आहे, काही लावावं लागत नाही. कॅच-ऑल लावलात की चूक अशी होतच नाही, प्रत्येक नावाला 250! बंदोबस्त जागेवर आहे, पण निजलेला. वर स्पॅमवाल्याला खात्री पटते की हे सगळे पत्ते जिवंत आहेत, आणि पुढच्या खेपेला तो दुप्पट घेऊन येतो.

याहून वाईट म्हणजे कॅच-ऑलचा मेल पुढे जीमेलला पाठवणं. कोकणातल्या छोट्या व्यवसायांत हे सर्रास चालतं, कारण मालक मोबाइलवर जीमेलच बघतो. आपला सर्व्हर पुढे पाठवतो तेव्हा मूळ पाठवणाऱ्याच्या एसपीएफ नोंदीत (त्याच्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरांच्या यादीत) आपला आयपी नसतो, म्हणून ती तपासणी नापास. मेलचा मजकूर न छेडता पाठवला तर डीकेआयएमची सही (पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल सही) टिकते, पण स्पॅमला बऱ्याचदा सहीच नसते. जीमेलच्या नजरेत हा सगळा कचरा आपल्या आयपीवरून आलेला. तिथून नकार आला की आपल्या सर्व्हरच्या हातात मेल उरतो, आणि तो 'पाठवणाऱ्या'कडे परत करतो. तो पत्ता बहुधा खोटा, कोणा तिऱ्हाइताचा. त्या तिऱ्हाइताला न पाठवलेल्या मेलचा नकार मिळतो आणि काही दिवसांत आपला आयपी काळ्या यादीत. मग खऱ्या गिऱ्हाइकाला पाठवलेलं दरपत्रकही स्पॅममध्ये जाऊन पडतं. एसआरएस, म्हणजे पुढे पाठवताना पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या डोमेनचा करून लिहिणं, लावून एसपीएफचा भाग सुटतो, कचऱ्याचा नाही.

म्हणून शिफारस अशी: दार मूळ सेटिंगप्रमाणे बंद ठेवा आणि माणसं खरोखर ज्या चुका करतात त्यांनाच नाव द्या. 'अल्फान्सो' दोन्ही स्पेलिंगांनी, 'बुकिंग' तीन-चार तऱ्हांनी, 'गणपतीपुळे' 'ए'सह आणि 'ए'शिवाय. लिनक्स खात्यांसाठी ही नावं एलियस फाइलीत टाकून 'न्यूएलियसेस' चालवा, इतरांसाठी व्हर्च्युअल तक्त्यात. 'पोस्टमास्टर' हा पत्ता तर चालू असायलाच हवा, मेलच्या मानकातच तशी अट आहे, 'अब्यूज'ही ठेवावा. साधारण पंधरा-वीस ओळींत लहान व्यवसायाचं काम भागतं. चुका कोणत्या, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. मेल लॉगमध्ये 'युझर अननोन' हे शब्द ग्रेप कमांडने शोधले की नाकारलेल्या प्रत्येक मेलचा 'टू' पत्ता दिसतो. स्पॅमवाल्यांची नावं आणि माणसांच्या चुका यात फरक करायला फार डोकं लागत नाही. 'वेबमास्टर77' कोणी आंबे मागायला लिहीत नाही.

बदललेल्या पत्त्यांसाठी 'रिलोकेटेड_मॅप्स' नावाची एक सोय आहे, तिचं कौतुक फारसं होत नाही, पण व्हायला हवं. तक्त्यात डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. जुन्यावर आलेला मेल 5.1.6 या आकड्याने परत जातो आणि नकारातच लिहिलेलं असतं की युझर अमुक पत्त्यावर गेला आहे. होमस्टेचं नाव बदललं, भागीदार वेगळे झाले, डोमेन बदललं, अशा वेळी हा उपाय कॅच-ऑलपेक्षा कितीतरी सरळ. नवा पत्ता जाहीर करायचा नसेल तर अर्थातच वापरू नका.

काही कार्यालयांत अर्धे मेलबॉक्स स्वतःच्या सर्व्हरवर आणि अर्धे भाड्याच्या सेवेवर, अशी वाटणी असते. तिथे 'फॉलबॅक_ट्रान्सपोर्ट' लूझर_रिलेपेक्षा बरा वाटतो, कारण तो पत्ता न बदलता मेल पुढे देतो. दोन्ही लिहिलेले असतील तर फॉलबॅक_ट्रान्सपोर्ट आधी लागतो. दुसऱ्या सर्व्हरचं नाव चौकटी कंसात लिहावं, म्हणजे पोस्टफिक्स एमएक्स नोंद (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा ते सांगणारी) बघत नाही. कंस विसरला तर एमएक्स आपल्याकडेच बोट दाखवतो आणि 'लूप्स बॅक टू मायसेल्फ' अशी चूक येते. पलीकडच्या सेवेवरही "अनोळखी पत्ते मूळ सर्व्हरकडे पाठवा" असं कोणी लावून ठेवलं असेल तर मेल दोघांत टोलवला जातो, फॉरवर्डिंग लूपची तक्रार घेऊन किंवा 50 टप्पे ओलांडल्यावर परत येतो. स्वच्छ मांडणी हवी असेल तर डोमेन सरळ रिले_डोमेन्समध्ये घ्या, ट्रान्सपोर्ट तक्त्यात पलीकडचा सर्व्हर द्या, इकडे हवे तेवढे पत्ते व्हर्च्युअलने उचला, आणि त्या डोमेनपुरतं 'रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रिसिपिएंट' लावा. मग पोस्टफिक्स पलीकडे विचारून येतं की हा माणूस आहे का, आणि उत्तर लक्षात ठेवतं: 'आहे' हे 31 दिवस, 'नाही' हे 3 दिवस. म्हणून नवा मेलबॉक्स काढल्यावर लगेच मेल आला नाही तर घाबरू नये, जुनं 'नाही' अजून स्मरणात असतं. पलीकडचा नकार आपण मूळ सेटिंगमध्ये 450 म्हणून पुढे सांगतो. आठवडाभर नीट चाललं की 'अनव्हेरिफाइड_रिसिपिएंट_रिजेक्ट_कोड' 550 करावा. पलीकडची सेवाच सगळ्याला हो म्हणत असेल तर या तपासणीचा काही उपयोग नाही.

आता किनारपट्टीचा प्रश्न, सर्व्हर ठेवायचा कुठे. 3 जून 2020च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगडच्या कितीतरी गावांत आठवड्याहून जास्त वीज नव्हती. 22 जुलै 2021ला चिपळूणमध्ये तळमजल्यावरचं काहीच वाचलं नाही. मेल पाठवणारे सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. पोस्टफिक्सची मूळ मुदतही पाच दिवसांचीच. ऑफिसातलं मशीन त्याहून जास्त बंद राहिलं की मेल परत जाणार. त्यावर उपाय म्हणून लोक दुसरा, बॅकअप एमएक्स उभा करतात आणि तिथे 'रिले_रिसिपिएंट_मॅप्स' भरायचं विसरतात. हे सेटिंग मूळचंच रिकामं असतं, म्हणजे बॅकअप सर्व्हर वाटेल त्या नावाला हो म्हणतो, आणि मुख्य सर्व्हर उठला की तो नकार देतो. परत पाठवायची जबाबदारी बॅकअपवर, पुन्हा तोच तिऱ्हाईत. स्पॅमवाले तर मुख्य सर्व्हर चालू असतानाही मुद्दाम बॅकअपवरच येतात. पत्त्यांची यादी दोन्हीकडे सारखी ठेवता येत नसेल तर बॅकअप नकोच. त्यापेक्षा मुख्य सर्व्हरच मुंबई-पुण्यातल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घ्यावा. घेण्याआधी पोर्ट 25 बाहेर जायला खुलं आहे ना आणि आयपीची उलट डीएनएस नोंद (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी) आपल्याला लावता येते ना, एवढं विचारून घ्यावं. घरगुती ब्रॉडबँडच्या आयपीवरून मेल पाठवायचा विचारही करू नये.

देवनागरी पत्त्यांबद्दल थोडं. पोस्टफिक्स 3.0पासून एसएमटीपीयूटीएफ8 चालतं, म्हणजे ॲटच्या दोन्ही बाजूंना मराठी लिहिता येतं, डोमेन .भारत असलं तरी. पण अनोळखी पत्त्यांचा एक नवाच प्रकार इथे जन्माला येतो. 'किनाऱ्यावर' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: कोणाचा कीबोर्ड नुक्त्याचा 'ऱ' टाकतो, कोणाचा साध्या 'र'ला हलन्त लावून पुढे न दिसणारा जोडचिन्हाचा कोड. डोळ्यांना दोन्ही सारखे, सर्व्हरला दोन वेगळे पत्ते. 'आ' एका अक्षराने लिहिलेला आणि 'अ'ला काना देऊन लिहिलेला, यातही तसंच. तेव्हा मराठी पत्ता घ्यायचाच असेल तर अशी अक्षरं टाळून घ्यावा, किंवा दोन्ही रूपं तक्त्यात टाकावीत.

पोस्टफिक्स कोणी घेऊ नये? ज्यांना चार-पाचच मेलबॉक्स हवेत आणि लॉग उघडून बघायला कोणी नाही, त्यांनी भाड्याची सेवाच घ्यावी. तिथेही कॅच-ऑलचा खटका असतो, आणि वरचं सगळं त्यालाही लागू पडतं. ज्यांच्याकडे कमांड लाइनला न बिचकणारा एखादा माणूस आहे, त्यांना याच्याइतकं शांत सॉफ्टवेअर मिळणार नाही. मॅन्युअल लांबलचक आहे, पण शब्द न शब्द अचूक. बदल करण्याआधी 'पोस्टकॉन्फ -एन'चा निकाल एका फाइलीत ठेवून द्यावा, म्हणजे मूळ सेटिंगपासून आपण काय काय हलवलं ते नंतर एका नजरेत दिसतं.

मार्च ते मेमध्ये आठवड्यातून एकदा लॉग बघून नवी चुकीची स्पेलिंग्ज तक्त्यात टाकत गेलं तर मेअखेर यादी स्थिर होते. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात तेव्हा ती एकदा चाळावी आणि वर्षभरात ज्यांवर फक्त स्पॅम आला ती नावं काढून टाकावीत. पोस्टमॅप पुन्हा चालवायचं तेवढं विसरू नये.